मंडळी काय मानते, कशासाठी जमते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासनेला नव्याने येणारे, आमच्याबद्दल नुसतं ऐकून असलेले, आणि कित्येक वर्षं येत असूनही विचारायचं राहून गेलेले, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका प्रोटेस्टंट मंडळीची (चर्चची) आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स किंवा इतर प्रोटेस्टंट बंधुभगिनी जिथे वेगळं मानतात, तिथे तसं सांगितलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर तुमचा विश्वास काय आहे?

देव एकच आहे; तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. त्याने जग निर्माण केलं आणि त्या जगावर त्याचं प्रेम आहे. देवाचा पुत्र येशू ख्रिस्त माणूस होऊन आला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला. त्याच्यामुळे पापांची क्षमा मिळते, पवित्र आत्मा माणसाला आतून नवं करतो, आणि शेवटी ख्रिस्त परत येऊन न्याय करील व सर्व काही नवं करील.

यातलं काहीही आम्ही शोधून काढलेलं नाही. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात (विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीत) आणि निकियाच्या विश्वासांगीकारात हेच आहे. यातला दुसरा 325 साली निकिया इथे आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या परिषदांतून घडला, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही त्याला मानतात.

मात्र हे सगळं पाठ झालं आणि त्यातला क्रम कळला नाही, तर काहीच हाती लागत नाही. आधी देव देतो, मग माणूस प्रतिसाद देतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात दहा आज्ञा आहेत. त्यांची सुरुवात आज्ञेने होत नाही. मी तुम्हाला मिसर (इजिप्त) देशातल्या दास्यातून बाहेर आणलं, हे देव आधी सांगतो. सुटका झालेल्या लोकांना मग कसं जगायचं ते तो शिकवतो. लूकच्या 19व्या अध्यायातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य होता. येशू त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, तेव्हा जक्कयाने कोणाचा एक पैसाही परत केलेला नसतो. अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करायचं त्याला सुचतं ते येशू घरी आल्यानंतर. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका क्रमातून निघतात.

देव एक म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नाहीत का?

नाहीत. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच आहे हे त्यांना लहानपणापासून रोज म्हणायची सवय होती. त्यांनी ते कधी सोडलं नाही. पण येशूच्या सहवासात आणि विशेषतः त्याच्या पुनरुत्थानानंतर, या माणसात आपल्याला खुद्द देव भेटला, असं त्यांना म्हणावं लागलं. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापासून तोच देव आपल्या आत वस्ती करून आहे, हाही त्यांचा अनुभव होता. त्रैक्याची शिकवण म्हणजे या तिन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याचा मंडळीचा प्रयत्न.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणू लागला की पुत्र श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे. निकियाच्या परिषदेने ते नाकारलं: पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. हा पंडितांचा शब्दांचा वाद वाटेल, पण त्यात खूप काही पणाला लागलं होतं. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर वधस्तंभावर देव स्वतः आलाच नाही. त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं. मग देव प्रेम आहे या वाक्याचा सगळा भार एका निरोप्यावर पडतो. पुढे 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असं नोंदवलं. पूर्वेकडच्या काही प्राचीन मंडळ्यांना तिची शब्दयोजना मान्य झाली नाही. ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस आहे हे मात्र त्याही मानतात.

त्रैक्य समजावायला लोक अनेक दाखले देतात. त्यातला प्रत्येक दाखला कुठेतरी तुटतो, म्हणून आम्ही ते टाळतो. प्रार्थनेत ते जास्त कळतं: आपण पित्याकडे, पुत्राद्वारे, आत्म्याच्या साहाय्याने बोलतो.

येशू खरोखर होऊन गेला याला बायबलबाहेर काही आधार आहे?

आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की सम्राट तिबिर्याच्या राज्यात पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्कार होता, त्यामुळे त्याने त्यांच्या बाजूने काही लिहिण्याचा प्रश्नच नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकाच्या अखेरीस, ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूची हकिकत देतो.

पुनरुत्थानाबद्दल सर्वांत जुना तपशीलवार लेखी पुरावा प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 15व्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इसवी सन 55च्या आसपासचं. त्यात पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं. म्हणजे ही साक्ष पत्रापेक्षाही जुनी आहे. उठलेल्या येशूला पाहणाऱ्यांची नावं तो देतो, पाचशेहून अधिक जणांचा उल्लेख करतो आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं सांगतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या स्त्रिया. स्त्रियांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. कोणी गोष्ट रचायला बसला असता तर त्याने पहिल्या साक्षीदार म्हणून त्यांना निवडलं नसतं.

गणितासारखी सिद्धता यातून मिळत नाही. पण विश्वास म्हणजे डोळे मिटून उडी, असंही नाही.

येशूच्या मरणाने माझं काय होतं?

नवा करार याचं उत्तर एकाच चित्रात देत नाही. मार्क 10:45मध्ये ते मरण खंडणी आहे, दास्यातून सोडवण्यासाठी भरलेलं मोल. रोमकरांस पत्रात न्यायालयाची भाषा आहे, इब्री लोकांस पत्रात वेदी आणि यज्ञाची, कलस्सैकरांस पत्रात दुष्ट सत्तांवरच्या विजयाची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 5व्या अध्यायात तुटलेलं नातं सांधण्याची भाषा आहे. एकाच चित्राला कवटाळून बाकीची सोडली की शिकवण वाकडी होते.

एक गैरसमज फार पसरला आहे, तो इथेच दूर करायला हवा: रागावलेला पिता आणि मध्ये पडून मार खाणारा दयाळू पुत्र. पौल असं म्हणत नाही. देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं तो म्हणतो. वधस्तंभावर पिता आणि पुत्र एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे नाहीत. आपल्यासाठी ज्याने किंमत मोजली तो देव स्वतः आहे.

पाप म्हणजे नक्की काय? वाईट कामांची यादी?

वाईट कामं ही त्याची फळं. मूळ दुखणं असं की माणूस देवाकडे पाठ फिरवून स्वतःला केंद्रस्थानी बसवतो, आणि मग शेजारी त्याला वापरायची वस्तू वाटू लागतो. हे सज्जनांनाही लागू आहे. लूक 15मधल्या दृष्टांतात घर सोडून गेलेला धाकटा मुलगा हरवलेला आहेच, पण घरात राहून, राबून, हिशेब ठेवणारा थोरलाही बापापासून तितकाच दूर आहे.

चांगली कामं केली तर तारण होत नाही का?

तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचं दान आहे, कमाई नाही. इफिसकरांस पत्र 2:8-10 हा उतारा सावकाश वाचावा. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणाला बढाई मारता येऊ नये. आणि लगेच पुढच्या वचनात, आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालेलो आहोत. पुन्हा तोच क्रम. याकोबाचं पत्र सांगतं की कृतीशिवायचा विश्वास मेलेला आहे. काहींना हा पौलाला विरोध वाटतो. आम्हाला तो विरोध दिसत नाही: देवाकडून फुकट मिळालेलं प्रेम ज्याने खरोखर स्वीकारलं, त्याच्या हातून ते पुढे गेल्याशिवाय राहत नाही.

सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी दुभंगली ती प्रामुख्याने याच प्रश्नावर. 1999 साली लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी आउग्सबुर्ग इथे एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि या शिकवणीच्या गाभ्याबाबत आपलं एकमत असल्याचं जाहीर केलं. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. तरी साडेचारशेहून अधिक वर्षांनंतर दोन्ही बाजू एका मेजाशी बसून हे म्हणू शकल्या, याचं मोल आम्हाला फार वाटतं.

बायबल तुम्ही अक्षरशः मानता का?

पवित्र शास्त्र देवप्रेरित आहे आणि विश्वास व आचरण यांसाठी तेच आमचं अंतिम प्रमाण आहे. पण बायबल हा एकाच प्रकारचा ग्रंथ नाही. त्यात इतिहास आहे, कायदे आहेत, कविता, नीतिवचनं, संदेष्ट्यांचे इशारे, पत्रं आणि प्रकटीकरणासारखी दृष्टान्तांनी भरलेली पुस्तकं आहेत. कविता कविता म्हणून वाचणं आणि पत्र पत्र म्हणून वाचणं, हा शास्त्राचा मान राखणंच आहे.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. फरक जुन्या करारात आहे. नव्या कराराची 27 पुस्तकं दोन्हींत सारखीच. आज आपण ओळखतो नेमक्या त्याच 27 पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 सालच्या पत्रात सापडते, पण त्यातली बहुतेक पुस्तकं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती.

एखादा उतारा अवघड किंवा क्रूर वाटला तर आम्ही तो झाकत नाही. येशूच्या शब्दांच्या आणि जीवनाच्या उजेडात तो कसा दिसतो, हे एकत्र बसून पाहतो.

विज्ञान आणि विश्वास यांचं जमतं का?

जमतं. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याची सुरुवात एका आदिम अवस्थेतून झाली, हा विचार मांडणाऱ्यांत अग्रणी असलेले जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल मठवासी होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सहा दिवस कसे समजायचे याबाबत ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, आमच्या मंडळीतही आहेत. त्यावरून कोणाचा विश्वास मोजला जात नाही.

घरी बसून प्रार्थना करता येते, मग मंडळी कशाला हवी?

घरी प्रार्थना करायलाच हवी. येशूने तर खोलीचं दार लावून करायला सांगितली. पण त्यानेच शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवात पाहा. आपण 'माझ्या' पित्याला हाक मारत नाही, 'आमच्या' पित्याला मारतो.

प्रेषितांची कृत्ये 2:42मध्ये पहिल्या मंडळीचं वर्णन एका वचनात आहे: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. मंडळीचा हेतू काय, या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही. त्या वेळी इमारती नव्हत्या. लोक घरांत जमत. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं आहे, ज्याच्या खोल्या उपासनेसाठी आणि बाप्तिस्म्यासाठी बदलून घेतल्या होत्या.

ही माणसं जमून काय करत होती, हे त्यांना शिक्षा देणाऱ्यानेच लिहून ठेवलं आहे. इसवी सन 112च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तवन गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. पुढे साधारण 155 साली जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोममधल्या रविवारच्या उपासनेचं सविस्तर वर्णन करतो: शास्त्रवाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे वाटा पोचवणं, आणि ऐपतीप्रमाणे जमा झालेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परक्या मुलखातून आलेल्यांची काळजी. आज एखाद्या साध्या मंडळीत गेलात तर हेच दिसेल, आणि दिसायला हवं.

नव्या करारात 'एकमेकांना' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा. यातली एकही आज्ञा एकट्याने पाळता येत नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही अशा माणसाशेजारी बसून एकाच भाकरीतून खाणं, हे घरच्या एकांतात शिकताच येत नाही.

म्हणून आमच्या समजुतीप्रमाणे मंडळी तीन दिशांना वळलेली असते: देवाकडे उपासनेत, एकमेकांकडे शिकण्यात आणि सांभाळण्यात, आणि बाहेर शेजाऱ्याकडे साक्ष व सेवा यांत. यातली एक दिशा बंद झाली की उरलेल्या दोन्ही आजारी पडतात. हे आम्हाला इतकं महत्त्वाचं वाटतं की वर्षाचा कार्यक्रम आखताना वडीलजन मंडळ आधी हेच तपासतं.

रविवारीच का?

येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून. काही मंडळ्या शब्बाथाप्रमाणे (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवसाप्रमाणे) शनिवारी जमतात.

बाप्तिस्मा कोणाला देता? बुडवून की पाणी शिंपडून?

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून नव्या जीवनात उठणं. रोमकरांस पत्राचा 6वा अध्याय हाच अर्थ सांगतो. पद्धतीवरून भांडण करणाऱ्यांना आम्ही डिडाखे या अतिप्राचीन पुस्तिकेची आठवण देतो. वाहतं पाणी असेल तर त्यात, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतून, असं ती सांगते. तेव्हाच्या मंडळीला पाण्याच्या प्रमाणापेक्षा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे नाव महत्त्वाचं होतं.

अर्भकांना द्यावा की नाही, यावर मतभेद खोल आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन आणि इतर अनेक जण देतात. 1525 साली झुरिकमध्ये काही विश्वासणाऱ्यांनी स्वतः विश्वास कबूल करून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यातल्या कित्येकांनी त्यासाठी प्राण दिले. बाप्तिस्ट आणि अनेक स्वतंत्र मंडळ्या आज त्याच मताच्या आहेत. क्वेकर आणि साल्वेशन आर्मी बाप्तिस्म्याचा विधी करत नाहीत. आमच्याकडे आईवडिलांनी मागितला तर बाळालाही देतो, कारण बाळाने काहीही करण्याआधी देवाने त्याला आपलं म्हटलं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. मूल मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं.

प्रभुभोजनात कोण भाग घेऊ शकतो?

ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो ख्रिस्तावर विश्वास ठेवतो, तो. मग तो कोणत्याही मंडळीचा असो. ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी बसून राहावं. कोणी वळून पाहणार नाही.

भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त कशा प्रकारे हजर असतो, यावर प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचं 1529 साली मारबुर्गमध्येही एकमत झालं नाही. तो वाद इथे सोडवता येणार नाही. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात पौल मेजाशी चाललेल्या ज्या गोष्टीवर संतापतो, ती याहून वेगळी आहे: खातेपिते लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. असं करून तुम्ही देवाच्या मंडळीचा अपमान करता, असं तो त्यांना सुनावतो. प्रभूच्या मेजाशी बसण्याआधी स्वतःला तपासा, असं म्हणतात तेव्हा आपल्यामुळे कोणी उपाशी, एकटं किंवा अपमानित राहिलं आहे का, हेही तपासायचं असतं.

येशू एक, मग इतके पंथ का?

काही कारणं शिकवणीची, काही भाषेची आणि राजसत्तेची, आणि काही निव्वळ अहंकाराची. पूर्व-पश्चिम फुटीसाठी 1054 हे साल सांगतात, प्रोटेस्टंट सुधारणेच्या सुरुवातीसाठी 1517. 1948 साली आम्स्टरडॅममध्ये जागतिक चर्च परिषद स्थापन झाली, तेव्हापासून एकत्र बोलण्याची एक जागा तरी आहे. योहान 17मध्ये येशू आपल्या शिष्यांनी एक व्हावं म्हणून प्रार्थना करतो. ती प्रार्थना आपण अजून पुरी होऊ दिलेली नाही, याचं दुःख आम्हाला आहे.

दशांश द्यावाच लागतो का?

नाही. पौल म्हणतो, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाइलाजाने नव्हे. जुन्या करारातला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हे अनेकांना चांगलं मोजमाप वाटतं. वसुली म्हणून आम्ही तो लावत नाही. देणगी दिल्याने आशीर्वाद किंवा आरोग्य विकत मिळतं, ही शिकवण आम्ही उघडपणे नाकारतो. कर्जात असलेल्याने आधी कर्ज फेडावं, आणि घरात अडचण असेल तर मंडळीकडून घ्यावं. ती त्यासाठीच आहे. हिशेब दरवर्षी तपासून सभासदांसमोर ठेवले जातात, आणि पाळकांच्या हाती एकट्याने खर्च करण्याचा अधिकार नाही.

तुमची समाजसेवा धर्मांतरासाठी असते का?

हा प्रश्न लोक दबकत विचारतात. मोकळेपणाने विचारावा.

मदतीला अट घातली की ती मदत राहत नाही, सौदा होतो. आणि कृपा ही बिनअटीची असेल, तर तिच्या नावाने सौदा करणं ही त्या कृपेशीच गद्दारी आहे. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने (शोमरोन प्रांतातल्या माणसाने) जखमी माणसाची जात, धर्म विचारला नाही आणि बदल्यात काही कबूलही करून घेतलं नाही. मत्तय 25मध्ये भुकेल्याला अन्न देणाऱ्यांना तर आपण कोणाला दिलं हेच ठाऊक नसतं. म्हणून आमच्या सेवेत अन्न, औषध किंवा शिक्षण घेण्यासाठी उपासनेला यावं लागत नाही, आणि मदत घेणाऱ्याच्या कमजोर क्षणी त्याच्याकडून कसलीही कबुली घेतली जात नाही.

आम्ही येशूबद्दल बोलतो का? बोलतो, आनंदाने बोलतो. मत्तयाच्या शेवटी त्याने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवलं आहे. पेत्राचं पहिलं पत्र मात्र याची रीतही सांगतं: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या. जबरदस्ती, आमिष किंवा भीती यांतून विश्वास जन्मत नाही; जन्मतं ते ढोंग. इतर धर्मांच्या माणसांकडून आम्ही प्रामाणिकपणा, भक्ती, दानत शिकलो आहोत. ख्रिस्तच मार्ग आहे हे आम्ही मानतो, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणं पाप आहे हेही तितक्याच ठामपणे मानतो.

माझ्या मनात शंका आहेत. मी येऊ शकतो का?

या. थोमाला शंका होती तरी बाकीच्या शिष्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, आणि आठ दिवसांनी येशू भेटला तो त्यांच्यातच असताना. मार्कच्या 9व्या अध्यायातला बाप म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत करा. येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. तुम्ही आल्यावर तुमच्या प्रश्नाला तयार उत्तर मिळेल असं नाही. कोणी तुमच्याबरोबर बसून विचार करील, एवढं नक्की.

प्रार्थनेने आजार बरे होतात का? मग औषध कशाला?

आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि देव बरं करतो असं मानतो. कधी एकदम, बहुतेक वेळा डॉक्टर, औषध आणि सेवा यांच्या हातून. चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, मानसिक आजारावरचंही नाही. लूक स्वतः वैद्य होता. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही; त्याला मिळालं ते वचन असं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. म्हणून बरं न झालेल्या माणसाला, तुझा विश्वास कमी पडला, असं म्हणणं क्रूर आहे. आमच्याकडे कोणी म्हटलंच तर त्याला थांबवलं जातं.

दुःख का येतं, याचं पुरेसं स्पष्टीकरण आमच्यापाशी नाही. ईयोबाच्या मित्रांपाशी स्पष्टीकरणं भरपूर होती आणि देव त्यांच्यावरच रागावला. 88वं स्तोत्र अंधार या शब्दाशी संपतं, आणि तेही शास्त्रात आहे. रडायला, देवाशी भांडायला इथे मुभा आहे.

ख्रिस्ती लोकांनी इतिहासात जे अत्याचार केले त्याचं काय?

ते झाले. 1099 साली जेरुसलेम जिंकल्यावर धर्मयोद्ध्यांनी कत्तल केली. गुलामगिरीच्या समर्थनासाठी वचनं वापरली गेली. यहुद्यांचा छळ झाला. आपल्या काळात अनेक ठिकाणी चर्चमधल्या लोकांनी मुलांचं लैंगिक शोषण केलं आणि संस्थेचं नाव राखण्यासाठी ते दडवण्यात आलं. ते खरे ख्रिस्ती नव्हतेच, असं म्हणून हात झटकणं आम्हाला मान्य नाही; त्यांनीही येशूने शिकवलेली हीच प्रार्थना म्हटली होती. पश्चात्ताप हा शब्द आम्ही इतरांना सांगतो, तर तो आधी आम्हाला लागू झाला पाहिजे.

त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा: मुलांबरोबर कोणीही प्रौढ एकटा राहत नाही, तक्रार आली तर ती पोलिसांकडे जाते, मंडळीत 'आपापसात' मिटवली जात नाही, आणि पाळकही प्रश्नांच्या पलीकडे नाहीत. क्षमा म्हणजे पीडिताने गप्प बसावं, असा अर्थ आम्ही कधीही लावणार नाही.

स्त्रियांना मंडळीत काय स्थान आहे?

पौल फिबीला किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका म्हणतो. प्लिनीने छळ करून ज्यांची चौकशी केली त्या दोन दासीही मंडळीच्या सेविका होत्या. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना पहिल्यांदा सांगितली ती मग्दालिया मरीयेने. तरीही स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा द्यावी का, यावर मंडळ्यांत दोन मतं आहेत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स देत नाहीत, अनेक प्रोटेस्टंट देतात. आम्ही देतो.

मतदान कोणाला करायचं हे मंडळी सांगते का?

नाही, आणि व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचा प्रचार होत नाही. गरीब, परके, कैदी यांच्याबद्दल शास्त्र जे सांगतं ते मात्र आम्ही सत्तेवर कोण आहे हे न पाहता बोलतो. 1934 साली जर्मनीत बार्मेन इथे काही मंडळ्यांनी जाहीर केलं की येशू ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाचं प्रभुत्व मंडळी मानणार नाही. राज्यसत्ता चर्चला आपल्या विचारात ओढत होती, त्या काळात हे म्हणणं धोक्याचं होतं.

मरणानंतर काय?

जे ख्रिस्तात मरतात ते त्याच्यापाशी असतात. पण आमची आशा फक्त आत्मा स्वर्गात जाण्यापुरती नाही. शरीराचं पुनरुत्थान आणि नवं आकाश व नवी पृथ्वी, ही ती आशा आहे. प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायात देव माणसांत राहायला येतो आणि त्यांच्या डोळ्यांतले अश्रू पुसतो. म्हणूनच हे शरीर, ही जमीन, हे पाणी आम्हाला टाकाऊ वाटत नाही.

सभासद कसं व्हायचं?

काही काळ येत राहा, पाळकांशी किंवा एखाद्या वडीलजनांशी बोला, विश्वासाच्या वर्गात बसा. मग बाप्तिस्मा, किंवा तो झालेला असेल तर मंडळीसमोर विश्वासाची कबुली. घाई नाही. सोडून जायचं असेल तर कोणी अडवत नाही, आणि गेलेल्याशी नातं तोडायचं नाही असा आमचा नियम आहे.

पहिल्यांदा येताना काय लक्षात ठेवायचं?

रोजचे साधे कपडे चालतात. कुठेही बसा. गाणी आणि वचनं समोर लावलेली असतात, म्हणावीशी वाटली तर म्हणा. दानपात्र फिरतं तेव्हा पाहुण्यांनी काही टाकावं अशी अपेक्षा नसते. लहान मुलं रडली, पळाली तरी चालतं. मागे त्यांच्यासाठी खोली आहे, पण तिथे जायलाच हवं असं नाही. नवीन आलेल्यांना उभं करून ओळख करून द्यायची पद्धत आम्ही ठेवलेली नाही. बोलायचं असेल तर उपासना संपल्यावर थांबा, दाराशी वडीलजनांपैकी कोणी ना कोणी असतंच.